जंगम घर आणि स्थावर रेंज

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भेद असतात, हे वाक्य एका सरकारी खात्यात चौतीस वर्षे दप्तर सांभाळताना मी इतक्या वेळा लिहिले आहे, की झोपेत कोणी हातात लेखणी दिली तरी प्रथम तेच उमटेल. परंतु घर हेच जंगम असावे, आणि हाताला न लागणारी, डोळ्यांना न दिसणारी, हवेतून वाहणारी लहर मात्र सातबाऱ्यावरील जमिनीसारखी जागच्या जागी असावी, असाही एक प्रकार सृष्टीत आहे, याचा बोध होण्यासाठी मला सेवानिवृत्त व्हावे लागले आणि करंजाड्याहून वेळणेश्वरापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरांची मजल एका चाकांवरच्या घरातून मारावी लागली.

त्या घराला जाणकार लोक कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरणच जाहीर केलेले असल्यामुळे या शब्दाला आता राजमान्यता आहे. आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्यापर्यंत मात्र ती पोहोचलेली नव्हती. सकाळी सहाच्या सुमारास ते धूड फाटकाशी येऊन उभे राहिले, तेव्हा त्याने आपल्या मोबाइलातील नोंदवहीत वाहनाचा प्रकार शोधला. तेथे दुचाकी, मोटार, रिक्षा, टेम्पो आणि टँकर एवढेच रकाने होते, आणि डोक्यावर पाण्याची टाकी वाहणारे वाहन यांपैकी कोणत्या रकान्यात बसते याविषयी त्याच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. ‘टँकर आला!’ अशी वर्दी त्याने खालूनच दिली, आणि मी मंजुरीचे बटण दाबण्यापूर्वी दुसऱ्या मजल्यावरील दोन बिऱ्हाडे बादल्यांसह खाली दाखल झाली. पाण्याच्या बाबतीत करंजाडेकर किती तत्पर आहेत हे जाणणाऱ्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही. टँकरऐवजी त्यातून माझा भाचा उतरला.

भाचा संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याला रजा मिळालेली नव्हती. त्याऐवजी ‘कुठूनही काम करण्याची’ मुभा मिळाली होती, आणि ही मुभा म्हणजे रजेतही काम करण्याचा हुकूम असतो, हे मी, कागदांत आयुष्य घालवलेला मनुष्य, त्याला सांगू शकलो असतो. रोज अकरा वाजता बंगळुरातल्या साहेबांपुढे पडद्यावरून रुजू व्हावयाचे, एवढीच अट होती. बाकी सर्व व्यवस्था त्या वाहनात होती: दोन शय्या, दुमडता येणारे मेज, शेगडी, मोरी, इतकेच काय, एक चिमुकले शौचकूपही होते. आमच्या सौभाग्यवतींनी डबे, लोणचे आणि दोन शहाळी फोडण्याचा कोयता यांची तजवीज केली, वाहनाबरोबरच भाड्याने आलेल्या ड्रायव्हरकाकांनी टायरांची हवा पाहिली, आणि सर्वांना कामे वाटून झाल्यावर भाचा मला म्हणाला, “मामा, नेटचं तेवढं तुम्ही बघा. स्वस्त पाहिजे आणि सेफ पाहिजे.”

स्वस्त आणि सुरक्षित! निविदा मागवण्याचा अनुभव असलेल्या मनुष्याला हे दोन शब्द एका ओळीत दिसले की दरदरून घाम फुटतो.

येथे करंजाड्याविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. पनवेलच्या शेजारची ही सिडकोची वसाहत. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून विमाने उडू लागल्यापासून आमच्या गच्चीवरचे पापड आकाशाकडे पाहत वाळतात. परंतु रेंजच्या बाबतीत आम्ही धनाढ्य आहोत. मोबाइलवर रेघा पूर्ण असतात, घरात काचेच्या तारेतून ब्रॉडबँड येते, आणि रात्री शय्येवर पडून शेजाऱ्यांची वायफाय मोजू लागलो तर मेंढ्या मोजण्याची गरज उरत नाही. अशा सुकाळात वाढलेल्या मनुष्याला दुष्काळाची कल्पना करता येत नाही, आणि मी प्रथमतः या कामगिरीकडे, घरातले वायफायचे यंत्र उचलून गाडीत ठेवले की झाले, अशा दृष्टीने पाहिले. त्याची तार भिंतीतून येते हे भाच्याने नजरेस आणून दिले. मग बिनतारी ब्रॉडबँडचे काय? ते हवेतून येत असले तरी ज्या पत्त्यावर नोंदले असेल त्याच पत्त्यावर उतरते, अशी माहिती मिळाली. म्हणजे हवेलासुद्धा रहिवासाचा दाखला लागतो.

आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या, पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फेडण्याकरिता दक्षिणा मिळवावी म्हणून पायी उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलेल्या ‘माझा प्रवास’मुळे ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे, पण ती मी अलीकडे पुन्हा चाळली ती केवळ संपर्कव्यवस्थेच्या दृष्टीने. हा गृहस्थ दोन-अडीच वर्षे घराबाहेर होता, वाटेत लुटला गेला, झाशीच्या वेढ्यात अडकला, आणि अखेरीस आईवडिलांसाठी खांद्यावर गंगेची कावड घेऊन परत आला. तेवढ्या अवधीत ‘मामा, दिसताय पण आवाज येत नाही’ असे त्याला कोणीही म्हटले नाही. त्या काळी पैसा दूरदेशी न्यावयाचा तर सावकाराची हुंडी करीत, आणि ती शहाजोग असेल तर केवळ हातात कागद आहे म्हणून कोणाही उपटसुंभाला रक्कम मिळत नसे. घेणारा पतवंत आहे याची पेठेला खात्री पटावी लागे. आज ती खात्री सहा आकडी ओटीपीने पटते. फरक एवढाच, की पेठेतल्या सावकाराला रेंज लागत नव्हती.

असो. मी कामाला लागलो आणि प्रथम भावाची चौकशी केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा अडीचशे तासांना पाच हजार रुपये पडत आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणी मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखा आवाज होऊन मग सेकंदाला साडेनऊ हजारांच्या आसपास बिटे ठिबकू लागत. २०१४ साली मोबाइलवरच्या एका जीबीला सरासरी अडीचशेवर रुपये मोजावे लागत. मग सप्टेंबर २०१६ मध्ये एका कंपनीने सगळ्यांना फुकट वाटायला सुरुवात केली आणि भाव असे कोसळले, की आज तो एक जीबी दहा रुपयांच्या आत, म्हणजे कोपऱ्यावरच्या कटिंग चहापेक्षा स्वस्त झाला आहे. तेव्हा ‘स्वस्त’ ही अट पुरी झाली, असे मी टिपणीत लिहिले, आणि चूक केली ती तिथेच.

चूक पंचांगाची होती. आपल्या पंचांगात सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एकदा अधिक मास येतो, जावयाला अनारसे मिळतात, आणि सर्व काही पुन्हा सुरळीत होते. मोबाइल कंपन्यांच्या पंचांगात महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो, त्यामुळे त्यांचा अधिक मास दर वर्षी न चुकता येतो: अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट, आणि एक दिवस वर उरतो तो ग्राहकाने चिंतनात घालवावा. नियामकांनी २०२२ साली तीस दिवसांचाही एक तरी आराखडा ठेवा, असे फर्मान काढले. तो आराखडा आहे, नाही असे नाही, परंतु दुकानदाराला तो विचारला की, लग्नाच्या हॉलमध्ये ‘साधं वरण आहे का?’ असे विचारणाऱ्याकडे वाढपी जसा पाहतो, तसा तो आपल्याकडे पाहतो. आम्हाला तर चारच दिवसांचे नेट हवे होते. चार दिवसांसाठी अठ्ठावीस दिवसांचे भाडे, आणि तेही एका कंपनीचे नव्हे. कोकणात एका खोऱ्यात एकीची रेंज, दुसऱ्या खोऱ्यात दुसरीची, आणि तिसऱ्या खोऱ्यात कोणाचीच नाही अशी वाटणी असल्याचे ड्रायव्हरकाकांनी सांगितल्यावरून मी तीन कंपन्यांची तीन सिमे घेण्याचे ठरवले. एका माणसाला आपल्या नावावर नऊपर्यंत सिमे बाळगता येतात, असे कायदा सांगतो. म्हणजे मी अद्याप मर्यादाशील गृहस्थांतच मोडत होतो. पनवेलच्या पदपथावर छत्रीखाली बसलेल्या मुलाने माझा आधार क्रमांक घेतला, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, “काका, डोळे मिचकवा.” भर बाजारात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, सौभाग्यवतींच्या समक्ष, तीन कंपन्यांसाठी मी तीनदा डोळे मिचकवले.

पळस्प्यापासून कोकणचा रस्ता लागला. या महामार्गाच्या रुंदीकरणाविषयी लिहिण्याचा मोह मी आवरतो, कारण ते काम २०११ सालापासून चालू असल्याने त्याला विनोदी लेख पुरणार नाही, बखर लागेल. आमच्या विषयापुरते एवढेच सांगावयास हवे, की रस्त्याच्या कडेने जमिनीखालून काचेची तार जाते, आणि त्याच कडेला जेसीबी खणतो. जेसीबीच्या एका दातात तीन गावांचे इंटरनेट अडकून वर येते. पेणपर्यंत रेघा पूर्ण होत्या, माणगावात त्यांतली एक गळाली, आणि कशेडीच्या बोगद्यात शिरताच तिन्ही सिमे एकाच वेळी निवर्तली. बोगद्यात ते क्षम्य आहे. बाहेर आल्यावरही बराच काळ ती शुद्धीवर येईनात, तेव्हा भाच्याने त्याचे कारण सांगितले: आमचे घर लोखंडी पत्र्याचे होते, आणि पत्र्याच्या पेटीत लहर सहजी शिरत नाही, जी थोडी आत येते ती खिडकीच्या काचेतून. परिणामी आम्ही तिन्ही मोबाइल तीन खिडक्यांना सुतळीने टांगले. ते दृश्य बाहेरून पाहणाऱ्यांना, या गाडीला कोणाची दृष्ट लागली असावी आणि उतारा म्हणून ही नवीन पद्धत निघाली असावी, असे वाटल्यास नवल नाही.

पाचव्या पिढीच्या त्या लखलखीत लहरी तर घाटात दिसतच नाहीत. त्याचे इंगित मला पुढे कळले. कमी कंपनसंख्येची लहर ढोलासारखी असते, मिरवणूक दोन आळ्या पलीकडे असली तरी ऐकू येते. जास्त कंपनसंख्येची लहर टाळासारखी, मांडवात कानठळ्या बसवील, पण वाडीच्या वळणावर विरून जाईल. भरपूर डेटा वाहून नेण्याचे सामर्थ्य मात्र टाळाच्या अंगी अधिक. करंजाड्यात आम्ही मांडवातच बसलेलो असतो, म्हणून आम्हाला आपल्या भाग्याची जाणीव नसते.

चिपळूणच्या अलीकडे जेवणासाठी थांबलो. तेथे ‘मोफत वायफाय’ अशी पाटी होती, आणि पाटीखाली सोलकढीचा भाव होता. भाच्याने मोबाइल उघडला तर त्या उपाहारगृहाच्या नावाची वायफाय एक सोडून दोन! नाव तेच, स्पेलिंग तेच; एकीपुढे कुलूप, दुसरी सताड उघडी. मी स्वाभाविकपणे उघडीकडे बोट नेले, तेव्हा भाचा किंचाळला, “मामा, हात लावू नका! ती बनावट असेल.” शेजारच्या मेजावर बसून कोणीही आपल्या मोबाइलातून त्याच नावाचे जाळे उभे करू शकतो, त्यात शिरणाऱ्यापुढे हुबेहूब खऱ्यासारखे पान ठेवून नाव, क्रमांक, परवलीचा शब्द असे सर्व वदवून घेऊ शकतो, हे त्याने मला वरणभात कालवता कालवता समजावून दिले.

मला त्यात नवीन काही वाटले नाही. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि काही वर्षांत ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक इसम उभा राहिला. त्याला पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवले. १७७६ साली तो तेथून सुटला, आणि खुद्द रत्नागिरीच्या मामलेदारानेच त्याला खरा मानून उचलून धरल्यावर कोकणातले गडकरी एकामागून एक त्याला जाऊन मिळाले. नाव तेच, चेहरा बराचसा तोच, दरवाजा सताड उघडा. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला तेव्हा कोठे कोकण शुद्धीवर आले. ज्या प्रांताने भाऊसाहेबांचा तोतया पचवला, त्या प्रांतात वायफायचा तोतया निघावा यात आश्चर्य ते काय! खरी कोणती हे ठरवण्यासाठी भाऊंच्या वेळी दरबार भरवावा लागला होता. आम्ही गल्ल्यावर विचारले. “उघडं ते आमचं नाय,” मालक शांतपणे म्हणाला, “कुलपातलं आमचं. पासवर्ड वेटरला विचारा.” वेटरने तो मोठ्याने, साऱ्या उपाहारगृहाला ऐकू जाईल असा, अंक सुटे करून सांगितला: एकपासून आठपर्यंत, क्रमाने.

सुरक्षिततेच्या या प्रकरणात मी अंमळ खोल शिरलो आहे, कारण भीती कोठे बाळगावी आणि कोठे बाळगू नये याचा तारतम्यभाव आपल्याकडे फार कमी आढळतो. सार्वजनिक वायफायवर बसलेला चोरटा आपले प्रत्येक अक्षर वाचतो, ही कल्पना आता जुनी झाली. बँकांची आणि बहुतेक सर्व संकेतस्थळे मजकूर गुप्त लिपीत बांधूनच पाठवतात, आणि तो बांधलेला लखोटा वाटेत कोणी पाहिला तरी त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. धोका असतो तो लखोटा चुकीच्या दारात देण्याचा, आणि त्याहून मोठा, आपल्याच मुखाने ओटीपी सांगण्याचा. रिझर्व्ह बँकेने ‘राजू आणि चाळीस चोर’ या अर्थाची एक सचित्र पुस्तिकाच काढली आहे. तीत चाळीस प्रकारांनी राजू नागवला जातो, आणि मी ती वाचली तेव्हा मला चोरांपेक्षा राजूचीच अधिक काळजी वाटली, इतका तो भला माणूस आहे. फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवण्याचा सल्ला असतोच, पण तो क्रमांक फिरवण्यासाठीही प्रथम रेंज असावी लागते. भाच्याच्या कंपनीने त्याला व्हीपीएन नावाचा एक भुयारी मार्ग दिलेला आहे. कोणत्याही अनोळखी जाळ्यात शिरले तरी तो त्या भुयारातून थेट कचेरीत निघतो. खाजगी लोकही अशी भुयारे भाड्याने घेतात, आणि २०२२ साली सरकारने भुयारवाल्यांना, ‘कोण गेले, कोण आले, याची बारनिशी पाच वर्षे जपून ठेवा’ असा आदेश दिला, तेव्हा त्यांतल्या कित्येकांनी भारतातील आपली ठाणीच उठवली. बारनिशी ठेवण्याचा इतका तिटकारा मला आमच्या खात्यातल्या एकाच कारकुनात दिसला होता. त्याची पुढे खातेनिहाय चौकशी झाली.

वेळणेश्वरास पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सौभाग्यवतींच्या मावशींच्या अंगणात, माडांपासून सुरक्षित अंतरावर, गाडी लावली. मावशींनी पाण्याचा तांब्या दिला, गूळ दिला, चाकांवरच्या घरातली मोरी पाहून ‘बरी आहे, पण पाणी जातं कुठे?’ असा मर्मभेदी प्रश्न विचारला, आणि मी रेंजचा विषय काढताच म्हणाल्या, “रेंज सड्यावर. इथे खाली फक्त समुद्र येतो.”

कोकणात हे सर्वांना पाठ असते. कोणत्या आंब्याखाली एक रेघ येते, कोणत्या गडग्यावर चढले की व्हिडिओ चालतो, याचा नकाशा कोणत्याही कंपनीकडे नसेल इतका अचूक वाडीतल्या मुलांकडे असतो. आणि त्यात नुसती गंमतच आहे असेही नाही, कारण २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातील पशुवैद्यकाच्या एका विद्यार्थिनीला ऐन पावसाळ्यात डोंगरावर झोपडी बांधून तास ऐकावे लागले होते. घरांच्या जांभ्या दगडाच्या भिंती हातभर जाड, गाव डोंगराच्या कुशीत, आणि मनोरा डोंगराच्या पाठीवर. आमचे पत्र्याचे घर घाटी चढून सड्यावर जाण्याचा प्रश्नच नव्हता.

भाच्याने मग फुकट आणि अधिकृत अशा मार्गांची झडती घेतली. रेल्वे स्थानकांवर पहिला अर्धा तास विनामूल्य आणि पुढे दिवसाला दहा रुपयांत पाच जीबी अशी सोय आहे; जवळचे मोठे स्थानक मात्र चिपळूण, म्हणजे जाण्यायेण्याच्या डिझेलचा हिशेब धरता तो जीबी हापूसच्या भावाने पडणार होता. किनाऱ्यावरच्या एका विश्रामगृहाने (त्याचे नाव घेत नाही, चहा चांगला होता) चहाबरोबर वायफाय देऊ केले, आणि तेथे आम्हाला या युगातले अस्सल वेदान्ताचे कोडे भेटले. वायफायमध्ये शिरण्यासाठी मोबाइल क्रमांक द्यावयाचा. कोण शिरले याची नोंद ठेवणे नियमानेच बंधनकारक असल्यामुळे त्या क्रमांकावर ओटीपी येणार. ओटीपी येण्यासाठी मोबाइलला रेंज हवी. आणि रेंज नाही म्हणूनच तर आम्ही वायफायच्या दारी उभे! विहिरीचे पाणी काढण्यासाठी पोहरा भिजवून आणा, असे सांगण्यापैकी हे होते. विश्रामगृहाचा पोऱ्या मोठा व्यवहारज्ञ निघाला. त्याने भाच्याचा मोबाइल घेतला, सायकलवर टांग मारली, सड्याच्या वळणापर्यंत गेला, ओटीपी उतरवून घेतला आणि परत आला. ओटीपीची मुदत तीन मिनिटांची होती. पोऱ्याला अकरा लागली. पूर्वी जासूद-हरकारे ज्या वेगाने धावत त्या वेगाने आजचा सायकलस्वारही त्या चढावर धावू शकत नाही, आणि कंपन्यांनी मुदत ठरवताना ही घाटी ध्यानात घेतलेली नाही.

त्या रात्री न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतबंधूंची आठवण निघणे अपरिहार्य होते. ते निवृत्त झाल्यापासून असेच मोटारघर घेऊन अमेरिकाभर हिंडतात, आणि २०२२ पासून तेथे खास अशा वाहनांसाठी उपग्रहावरून इंटरनेट मिळू लागल्याने, टपावर परातीएवढी ताटली ठेवून, निर्मनुष्य वाळवंटातून आम्हाला संकष्टीच्या शुभेच्छा पाठवतात. आकाशातून बोलणे आपल्यालाही नवे नाही; उपग्रहाशी संधान बांधणारे भूकेंद्र १९७१ सालीच आपल्या जुन्नर तालुक्यात आर्वीला उभे राहिले. परंतु बिनतारी यंत्र परवान्यावाचून नुसते जवळ बाळगणेही १९३३ च्या कायद्याने गुन्हा ठरतो, आणि उपग्रहाचा फोन पिशवीत घालून उतरलेल्या परदेशी पाहुण्यांना विमानतळावरच अडवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या ताटलीवाल्या कंपनीला २०२५ च्या जूनमध्ये परवाना मिळाला, नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने तिच्याशी देशात सर्वांआधी इरादापत्र केले. कागद उत्तम प्रगती करीत आहेत. आमच्या टपावर प्रवासाच्या वेळी होती ती पाण्याची टाकी, आणि तीही एव्हाना रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता, भाचा राजीनाम्याच्या भाषेत बोलू लागला असताना, प्रश्न सोडवला तो सौभाग्यवतींनी. त्या नारळ आणावयास गेल्या होत्या आणि येताना शोध घेऊन आल्या. वळणावरच्या कोकम सरबताच्या टपरीत, पैसे आल्याचे ओरडून सांगणारी ती चौकोनी पेटी होती. “ती पेटी बोलते, म्हणजे तिला रेंज आहे,” त्या म्हणाल्या. “तिच्यात सिम असतं. त्या बाईंना विचारलं कुठल्या कंपनीचं. त्यांना माहीत नव्हतं, पण पेटीवाला मुलगा काल येऊन गेला, त्याला फोन करून विचारलं. तुमच्या तिघांतलं एक तेच आहे.” तीन कंपन्यांसाठी तीनदा डोळे मिचकवणाऱ्या मला, आणि भुयारी मार्गाने कचेरीत जाणाऱ्या भाच्याला, जे सुचले नव्हते ते असे. रेघांवर विश्वास ठेवू नये, कारण मोबाइलवर रेघा असूनही मनोऱ्यापासून पुढची तार तुटलेली असेल तर त्या नुसत्या शोभेच्या; पेटी बोलली म्हणजे मात्र लहर खरोखर बँकेपर्यंत जाऊन परत आली. या परीक्षेची मी सर्व प्रवाशांस बिनशर्त शिफारस करतो.

अकराला दोन मिनिटे कमी असताना गाडी टपरीला बिलगून उभी राहिली. सुतळीला टांगलेल्या मोबाइलातून हॉटस्पॉट निघाला, त्याला भाच्याने अठरा अक्षरांचा परवलीचा शब्द दिला, भुयार उघडले, आणि बंगळूरचे साहेब पडद्यावर अवतरले. सभा उत्तम चालली होती. भाचा तिमाहीच्या आकड्यांवर बोलत असता, सहलीच्या बसमधून उतरलेली मंडळी टपरीवर आली, आणि खिडकीपासून वीतभर अंतरावरून ती पेटी खणखणीत स्वरात उद्गारली, “साठ रुपये प्राप्त झाले.” भाचा दचकला. साहेब थांबले. “तीस रुपये प्राप्त झाले.” साहेबांना मराठी येत नव्हते, ‘रुपये’ हा शब्द मात्र साऱ्या देशाला कळतो. “एकशेवीस रुपये प्राप्त झाले.” त्या कंपनीत नोकरी सांभाळून जोडधंदा करण्यास सक्त मनाई असल्यामुळे, पुढची दहा मिनिटे तिमाहीचे आकडे तहकूब राहिले, आणि भाच्याला कोकम सरबत हे आपले उत्पन्नाचे साधन नसल्याचा खुलासा, खिडकीतून टपरी दाखवून, पुराव्यानिशी करावा लागला. साहेबांनी अखेरीस तो मान्य केला आणि सरबताची कृती विचारली.

परत आल्यावर मी हिशेब मांडला. गाडीचे भाडे, डिझेल, पथकर हे मी येथे देत नाही, कारण ते अपेक्षेप्रमाणे झाले. इंटरनेटच्या खाती तीन सिमांचा तीन महिन्यांचा, म्हणजे कंपनीच्या महिन्यांचा, आकार; सुतळी एक गुंडी; चहा सात; आणि भाच्याने दर सभेपूर्वी टपरीवाल्या बाईंकडून घेतलेले, जागेचे भाडे म्हणून समजण्याजोगे, कोकम सरबताचे चौदा पेले. वापरलेला डेटा एकंदरीत चहाच्या दोन पेल्यांइतक्या किमतीचा भरला.

त्यांतले तिसरे सिम, जे कोणत्याच खोऱ्यात चालले नाही, करंजाड्यात मात्र पाचही रेघांनी फुलले आहे. त्याची मुदत संपावयास अजून अकरा दिवस आहेत. वाचकांपैकी कोणी या पंधरवड्यात कोकणात जाणार असल्यास ते खुशाल घेऊन जावे, असे मी येथे लिहिणार होतो. परंतु आपल्या नावाचे सिम दुसऱ्याच्या हाती देणे अंगाशी येऊ शकते, असे भाच्याने बजावल्यावरून ते टेबलाच्या खणात, कुलपात ठेवले आहे.